पावसाळी ट्रेकसाठी चाकू घेऊ की मल्टी-टूल? दीड हजारात काय घ्यावं ते सांगतो

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की बजेट दीड हजार, फार ताणलं तर दोन, जूनपासून राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड अशी भटकंती, अधूनमधून तंबूत मुक्काम, बाइकवरून कोकण, आणि ऑनलाइन सातशे रुपयांत एक अठरा-इन-वन मल्टी-टूल दिसतंय तर ते उचलू का. शिवाय धाकटा भाऊ अकरा वर्षांचा आहे, त्याच्या हातात चाकू द्यावा का हेही विचारलंयस. मी बरीच वर्षं पुण्यातून ग्रुप घेऊन सह्याद्रीत जातोय, लोकांच्या सॅकमधनं निघणारे शंभर तऱ्हेचे चाकू हाताळलेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी देतो. ते सातशेचं घेऊ नकोस. त्या पैशात पक्कड, पातं, करवत, कात्री, सहा स्क्रूड्रायव्हर असं सगळं चांगलं बनवणं शक्यच नसतं, मग कंपनी काय करते तर सगळंच थोडं थोडं वाईट बनवते. पकडीचे जबडे ओतीव धातूचे असतात आणि टोकाला एकमेकांना नीट भिडतच नाहीत, जरा पिळ दिला की एक बाजू तुटते. स्क्रूड्रायव्हरची टोकं पहिल्याच घट्ट स्क्रूला गोल होतात. पातं जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर, त्याला लॉक नाही किंवा असून नसल्यासारखं. आणि पावसाळ्यात सगळ्यात वाईट म्हणजे एवढ्या सगळ्या पात्यांच्या मधे लाल माती जाऊन बसते, ती निघत नाही, दोन आठवड्यांत आतून गंज. एवढं करून वजन पाव किलोच्या आसपास.

आता आपल्याकडच्या ट्रेकला चाकू नक्की कशाला लागतो ते बघू, कारण यूट्यूबवरचे व्हिडिओ बघून लोकांना वाटतं की जंगलात गेलं की लाकडं फोडायची, झोपडी बांधायची. आपल्याकडे तसलं काही करायचं नसतं आणि करूही नये. प्रत्यक्षात कांदा-टोमॅटो-लिंबू कापणं (तेही आता कमी झालंय, गडाखालच्या गावात किंवा वर झापात पिठलं-भाकरी मिळते), पाकिटं फोडणं, दोरी किंवा सुतळी कापणं, चिकटपट्टी आणि क्रेप बँडेज कापणं, करवंदीचा नाहीतर बाभळीचा काटा काढणं, सॅकचा पट्टा तुटला तर जुगाड करणं, स्टोव्हचा किंवा हेडलॅम्पचा एखादा स्क्रू. आणि जून-जुलैमधलं हुकमी काम म्हणजे बुटाचा सोल निघणं. उन्हाळाभर माळ्यावर पडून असलेले शूज लोक पहिल्या पावसात काढतात, गोंद वाळलेला असतो, सोलमधलं पॉलीयुरेथेन हवेतल्या दमटपणाने आतून कुजत आलेलं असतं, आणि गडाच्या अर्ध्या वाटेवर सोल जिभेसारखा लोंबायला लागतो. तिथे लागते डक्ट टेप, बारीक दोरी, कात्री आणि सोलला भोक पाडायला दाभण. म्हणजे यादी बघितलीस तर एक साधं चांगलं पातं, एक कात्री, एक चिमटा, एक दाभण. पक्कड ट्रेकला क्वचित लागते, बाइकला मात्र लागते. माझं म्हणणं तेवढंच आहे, की स्वस्तात घ्यायचं असेल तर ही कामं एका वस्तूत कोंबू नकोस, वेगवेगळी घे, प्रत्येक वस्तू चांगली मिळते आणि पैसेही उरतात.

तर पहिला पर्याय, जो मी नव्या मुलांना कायम सांगतो आणि ज्याच्याकडे कुणी वळूनही बघत नाही, तो म्हणजे चांगल्या कंपनीची फळं कापायची छोटी सुरी. व्हिक्टोरिनॉक्सची आठ किंवा दहा सेंटिमीटर पात्याची किचनची सुरी पाच-सहाशेच्या आसपास मिळते, वजन नगण्य, पातं पातळ असल्यामुळे कांदा-टोमॅटोपासून सुतळीपर्यंत सगळं कापते, घडीचा सांधाच नाही म्हणजे माती अडकायची जागा नाही आणि बोटावर मिटायची भीतीही नाही. तिला कव्हर नसतं ते करून घ्यायचं. जुन्या प्लास्टिक फाइलचा तुकडा पात्याभोवती दुमडून त्यावर डक्ट टेपचे चांगले आठ-दहा वेढे मार, कव्हरही झालं आणि बुटाच्या सोलसाठी टेपही बरोबर आली. ती दातेरी पात्याची मिळते तशी घेऊ नकोस, साध्या धारेची घे, दातेरी धार दोरीला छान चालते पण बोथट झाली की घरी लावता येत नाही.

याच्या जोडीला एक लहान स्टीलची कात्री, एक बारीक टोकाचा चिमटा, चप्पल शिवणाऱ्यांकडे असते तसली दाभण, आणि बाइकसाठी टपारियाची छोटी पक्कड. पुण्यातल्या बोहरी आळीत एक चक्कर मारलीस तर हे सगळं तासाभरात होतं, आणि सुरीसकट दीड हजाराच्या आत बसतं. पक्कड बाइकच्या टूलकिटमधेच ठेव, गडावर वाहून नेऊ नकोस.

दुसरा पर्याय घडीचा चाकूच हवा असेल तर. ओपिनेल नंबर ८. फ्रान्समधल्या साव्हुआ भागातला, जोसेफ ओपिनेलने १८९० मधे बनवलेला, बीच लाकडाची मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातं, वजन जेमतेम ४५ ग्रॅम. सांध्यावर एक फिरती कडी असते, ती फिरवली की पातं लॉक होतं. तुझं बजेट जिथे ताणून संपतं तिथे हा सुरू होतो, ऑफर बघून घे. कापायला मला या किमतीत याच्याइतका गोड चाकू दुसरा माहीत नाही. पण दोन गोष्टी समजून घे. एक म्हणजे हा कार्बन स्टील आणि स्टेनलेस अशा दोन्ही प्रकारात येतो, पावसाळ्यासाठी डोळे मिटून स्टेनलेस. कार्बनवाला धार फार सुंदर घेतो पण लिंबू कापून पाच मिनिटं तसाच ठेवला की काळा पडतो, आणि ओल्या सॅकमधे एक रात्र राहिला की तांबूस ठिपके. दुसरं म्हणजे मूठ लाकडाची असल्यामुळे दिवसभर पावसात भिजली की फुगते आणि पातं इतकं घट्ट बसतं की नखाने उघडत नाही. मग नख तोडत बसायचं नाही, लॉकची कडी उघडी करायची आणि मुठीची मागची कड दगडावर हलकेच आपटायची, पात्याचं टोक आपोआप वर येतं. नवा घेतलास की चांगला वाळवून सांध्यात जवसाचं तेल मुरू दे, दोन-तीन वेळा केलंस की फुगणं बरंच कमी होतं. मुसळधारेत मात्र झिपलॉकमधेच ठेव.

तिसरा म्हणजे सगळ्यांना माहीत असलेला लाल स्विस चाकू. व्हिक्टोरिनॉक्स कंपनी १८८४ पासूनची आहे, आणि मिटल्यावर ९१ मिलिमीटर लांब असणाऱ्या मॉडेलचं काम खरंच चोख असतं. तुझ्या बजेटपेक्षा महाग पडेल, पण वाढदिवसाला कुणी काय देऊ म्हणून विचारलं तर हे सांग. त्यातही स्पार्टन घेऊ नकोस, क्लाइंबर घे. स्पार्टन साधारण ६० ग्रॅमचा, क्लाइंबर ८०च्या थोडा वर, पण क्लाइंबरमधे कात्री आहे आणि ट्रेकवर पात्यापेक्षा कात्री जास्त वेळा उघडली जाते, हे कुठल्याही ट्रेक लीडरला विचार. मुठीत चिमटा असतो, पाठीमागची दाभण आहे तिला सुईसारखं नेढं असतं, म्हणजे सोलला भोक पाडून त्यातनंच दोरा ओवता येतो. हंट्समन या मॉडेलमधे कात्रीबरोबर लाकडाची करवतही येते, ती आपल्याकडे लागत नाही. या ९१च्या चाकूंच्या पात्याला लॉक नसतं एवढं लक्षात ठेव, नुसत्या स्प्रिंगवर उघडं राहतं, म्हणून त्याचं टोक दाबून भोक पाडायला जायचं नाही, पातं मिटतं ते थेट बोटांवर. भोकाला दाभणच. आणि नकली फार आहेत. जुन्या बाजारात आणि ऑनलाइन दोन्हीकडे. मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव आणि स्विस मेड असं बारीक, स्वच्छ कोरलेलं असतं, आणि लाल चकचकीत मुठीवरचा क्रॉस मुठीत बसवलेला असतो, नखाने निघणारा स्टिकर नसतो.

खऱ्या मल्टी-टूलबद्दल पण लिहितो म्हणजे माझा त्यांच्यावर राग आहे असं वाटायला नको. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन माणूस १९७५ मधे जुनी गाडी घेऊन युरोप फिरत होता, गाडी सारखी बिघडायची आणि खिशातल्या चाकूला पक्कड नाही म्हणून त्याचं अडायचं, त्यातनं ही कल्पना आली आणि १९८३ मधे त्याने कंपनी काढली. म्हणजे मुळात ही वस्तू पकडीसाठी जन्माला आली. तुझं काम पकडीचं असेल, रोज बाइक दुरुस्त करतोस, सायकल टूरला जातोस, तर चांगलं मल्टी-टूल पैसे वसूल करतं आणि त्या कंपनीची २५ वर्षांची वॉरंटीही असते. पण वेव्हसारखं मॉडेल २४० ग्रॅमचं आणि तुझ्या बजेटच्या कितीतरी पट. ते नंतर, कमवायला लागलास की.

स्टीलबद्दल फार डोकं खपवू नकोस पण तीन गोष्टी ध्यानात ठेव. नुसतं "स्टेनलेस स्टील" किंवा नुसतं "४४०" लिहिलेलं असेल तर ते काहीही असू शकतं, ४४०सी असं स्पष्ट लिहिलेलं वेगळं. ३ सीआर १३ हे स्वस्त चिनी स्टील मऊ असतं, धार पटकन जाते पण सहसा गंजत नाही, आणि घरी लगेच लावता येते, नवशिक्याला चालून जातं. ८ सीआर १३ एमओव्ही त्याच्यापेक्षा बरंच चांगलं, हजार-बाराशेत मिळालं तर घ्यावं. आणि डी२. हल्ली स्वस्त चिनी चाकूंवर डी२ मोठ्या अक्षरात असतं, स्टील उत्तमच आहे, धार खूप टिकते, पण त्यात क्रोमियम साधारण १२ टक्के आणि कार्बन दीड टक्का, बरंचसं क्रोमियम कार्बनशी बांधलं जातं त्यामुळे ते पूर्ण स्टेनलेस नाही. ताम्हिणीच्या पावसात आणि कोकणाच्या खाऱ्या हवेत डी२ ठिपके धरतं. दगडावर लावायलाही कडक. तुझ्या वापराला नको.

दुकानात हातात घेतलास तर काय बघायचं? पातं उघड, दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलव, कटकट हलता कामा नये. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसायला हवं, एका बाजूला घासत असेल तर सोड. लायनर लॉक (मुठीच्या आतली पट्टी सरकून पातं अडवतं ते) असेल तर लॉकची पट्टी पात्याच्या बुडाखाली पुरेशी सरकलीय का बघ, नुसती कडेला टेकली असेल तर नको. मग बोटं पात्याच्या मिटायच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी काउंटरवर हलकी टेकव, लॉक सुटलं तर चाकू परत दे. शेवटी ओल्या हाताने धरून बघ, पावसात हात ओलाच असणार. आणि मुठीत होकायंत्र आणि आत माचिस ठेवायची पोकळी असलेले, पाठीला करवतीचे दात असलेले ते मोठे "सर्व्हायव्हल" चाकू असतात ना, त्यांना हात लावू नकोस. पोकळ मुठीत पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत जाणारा भाग, बोटभरसुद्धा गेलेली नसते, जोर लावला की तिथेच निखळतं.

आता कायद्याचं, याकडे लोक अजिबात लक्ष देत नाहीत म्हणून जरा थांबून वाच. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू, घरगुती किंवा शेतीकामाचे सोडून, शस्त्रांच्या वर्गात येतात. वर सांगितलेलं काहीच त्याच्या जवळपास जात नाही. पण पुणे पोलीस सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतात, त्यात सुरे बाळगणंही येतं. म्हणून चाकू खिशात किंवा पट्ट्याला लावून शहरात फिरायचं नाही, ट्रेकच्या दिवशी सॅकच्या तळाशी, स्वयंपाकाच्या डब्यात, आणि घरी आलं की सॅकमधून बाहेर. बटण दाबून उघडणारा चाकू कितीही आवडला तरी नको, पोलिसांनी बघितला तर तुझं ट्रेकचं स्पष्टीकरण कुणी ऐकणार नाही. मेट्रोने स्वारगेटला जाणार असशील तर स्टेशनवर बॅग स्कॅन होते, तिथे अडवू शकतात. हिमालयात जाताना विमानात चाकू चेक-इन बॅगेत, केबिनमधे कधीच नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अभयारण्यं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या कलम ३१ नुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकू सरळ लिहिलेला आहे, लांबीची अट न घालता. आता आपली अभयारण्यं कुठली? भीमाशंकर, ताम्हिणी, कोयना ज्यात वासोटा येतो, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड, ज्यात तुझ्या यादीतला हरिश्चंद्रगड येतो, रतनगडही येतो. तिथे जाताना मी ग्रुपला स्पष्ट सांगतो, चाकू घरी ठेवा, गोल टोकाची कात्री आणि टेप पुरते, भाजी घरून चिरून आणा. कुणी विचारत नाही हा मुद्दा नाही. जंगल ज्यांचं आहे त्यांच्या घरात आपण जातोय. राजगड, तोरणा, राजमाची अशा ठिकाणी हा प्रश्न येत नाही, पण तिथेही हिरव्या फांद्या तोडायला चाकू काढू नकोस. आणि दगडावर किंवा झाडावर नाव कोरणारा कुणी दिसला तर गप्प बसू नकोस, राजगड, रायगड, शिवनेरी, लोहगड २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

दोन प्रसंगी चाकू बाहेर काढायचाच नाही, हे पाठ कर. साप चावला तर. जखमेला चीर देणं, रक्त काढणं, चोखणं, काही म्हणजे काही नाही, त्याने विष निघत नाही, वर नस कापली जाते आणि घोणस चावलेली असेल तर रक्त थांबतच नाही. चावलेला पाय हलवायचा नाही, अंगठ्या-पैंजण काढायचे, १०८ ला फोन आणि माणसाला उचलून रुग्णालयात. दुसरा प्रसंग रॅपलिंगचा, म्हणजे दोरीवरून कडा उतरण्याचा. कुणाचे केस किंवा टी-शर्ट डिसेंडरमधे (दोरीवरून उतरायच्या साधनात) अडकले की वरचे लोक "काप, काप" ओरडतात. वजन आलेल्या रोपला पातं नुसतं टेकलं तरी तो फाटत जातो, तुला कापायचा टी-शर्ट असतो आणि तुटतो रोप. आधी त्या माणसाचं वजन दुसऱ्या दोरीवर किंवा पायाच्या फासावर घ्यायचं, मग केस सोडवायचे, कापायचेच झाले तर गोल टोकाच्या कात्रीने. हे लीडरचं काम आहे, तू पुढे होऊ नकोस.

धार लावायला कोपऱ्यावरच्या चाकवाल्याकडे देऊ नकोस, विळी-कोयत्याला ते ठीक आहे, पण कोरड्या चाकावर पातळ पातं तापतं, ठिणग्या उडतात आणि स्टीलचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं, मग ती धार कधीच टिकत नाही. ४०० आणि १००० ग्रिटचा (एक बाजू खरखरीत, एक बारीक) दोन बाजूंचा दगड घे, पाण्याने ओला कर, पात्याची पाठ दगडापासून जराशी उचल, साधारण १५ ते २० अंश, आणि दोन्ही बाजूंनी सारखे हात मार. पहिल्यांदा जमणार नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या जुन्या सुरीवर शीक. दगड नसेल तर चिनीमातीच्या कपाच्या तळाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते ती तात्पुरती चालते. ट्रेकवरून आलं की कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, सांध्यातली माती काढायची, पंख्याखाली उघडा ठेवून पूर्ण वाळवायचा, मग सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. गोडेतेल घालू नकोस, महिन्याभरात चिकट होतं आणि पातं जाम. कव्हरमधे घालून ठेवून देऊ नको, ओलावा आत राहतो.

राहिला धाकटा भाऊ. अकराव्या वर्षी द्यायला हरकत नाही, पण घरी, तुझ्यासमोर, बसून. उभ्याने नाही, चालताना नाही. गोल टोकाचं पातं हवं, ओपिनेल लहान मुलांसाठी नंबर ७ मधे तसा चाकू काढते, नाहीतर घरातली गोल टोकाची सुरी. पहिल्या दिवशी काकडी सोलायला दे, मग सुतळी कापायला. हात पसरून गोल फिरायचं आणि त्या गोलात कुणी नाही हे बघूनच पातं उघडायचं, ही सवय लाव. कापताना पातं अंगापासून लांब जायला हवं आणि मांडीवर ठेवून काही कापायचं नाही, मांडीतली मोठी रक्तवाहिनी तिथेच असते. दुसऱ्याला देताना मिटून द्यायचा, मिटणारा नसेल तर खाली ठेवायचा आणि समोरच्याने उचलायचा. धारदार चाकूच दे, बोथट दिलास तर तो जोर लावणार आणि पातं निसटणार. दोन-तीन महिने हे जमलं की मग राजगडावर लिंबू त्याला कापू दे.